सापडण्यासाठी लपवलेले

लपवणे या क्रियेला आपल्या भाषेत फारशी अब्रू नाही. चोर लपतो, लबाड लपवतो, ज्याच्या मनात काळेबेरे आहे तो झाकून ठेवतो. सज्जनाचे वर्णन करायचे झाले तर त्याचे मन आरशासारखे स्वच्छ आहे, त्याच्या पोटात एक आणि ओठांत एक नाही, असे आपण म्हणतो. शाळेत आम्ही मास्तर मंडळीही हेच शिकवत आलो आहोत की, मुलांनो, काही लपवू नका. आणि हीच मुले मधल्या सुटीची घंटा होताच पहिल्याप्रथम काय करतात, तर लपतात. त्यांचे सोडा, ज्याला अजून बोलताही येत नाही अशा तान्ह्या मुलाशी आई जो पहिला खेळ खेळते तोसुद्धा पदराआड तोंड लपवण्याचाच असतो. पदर दूर होतो, आईचे तोंड पुन्हा दिसते आणि मूल खदखदून हसते. ते तोंड सतत समोर असते तर मूल हसले नसते. पदराआडून ते पुन्हा आलेच नसते तर मूल रडले असते.

मग लपवणे चांगले की वाईट? एकच कृती आईच्या हाती निर्मळ आणि चोराच्या हाती मलिन कशी होते? उद्देशावरून, असे सोपे उत्तर लगेच सुचते. परंतु उद्देश चांगला असूनही ज्याच्यापासून लपवले त्याचे नुकसान झाले, अशी उदाहरणे आपल्या भोवती थोडी नाहीत. घरातली थोर माणसे दुखणे लपवतात, कर्ज लपवतात, आणि तीही प्रेमानेच. तेव्हा नुसत्या उद्देशावर हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी आणखी काही हवे. ते काय, याचा विचार मला एका खेळाने करायला लावला. या खेळात मी अगदी नवशिका आहे, त्यामुळे त्याच्या खुब्यांविषयी अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. पण नवशिक्याचा एक फायदा असतो. ज्या गोष्टी जुन्या खेळाडूंच्या अंगवळणी पडून दिसेनाशा झालेल्या असतात, त्या त्याला अजून दिसतात.

या खेळाचे नाव जिओकॅशिंग. प्रकार साधा आहे. एक डबा घ्यायचा. त्यात एक वही, एक पेन्सिल आणि हवे तर चार किरकोळ वस्तू ठेवायच्या. तो कुठेतरी लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करून टाकायचे. ज्याला वाटेल त्याने हातातल्या यंत्राच्या साहाय्याने तिथे यावे, डबा शोधावा, वहीत आपले नाव आणि तारीख लिहावी, आणि डबा होता तसाच पुन्हा लपवून निघून जावे. आतली एखादी वस्तू आवडली तर घ्यावी, पण तितक्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवावी. बक्षीस नाही, पंच नाही, हारजीत नाही. लपवणारा आणि शोधणारा यांची बहुधा कधी गाठही पडत नाही.

हा खेळ जन्माला कसा आला, ती हकीकत माझ्या प्रश्नाला फारच जवळची आहे. अमेरिकेने आपल्या सैन्यासाठी आकाशात उपग्रह सोडले होते. त्यांच्या संकेतांवरून पृथ्वीवरची कोणतीही जागा ठरवता येई. नागरिकांनाही ते संकेत मिळत, पण त्यांत सरकार जाणूनबुजून चूक मिसळून देई, आणि त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडची तिकडे होई. २ मे २००० रोजी ही मिसळ बंद करण्यात आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यातल्या डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक काळी बादली अर्धवट पुरली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्या बादलीत वही-पेन्सिल होती, पुस्तके होती, एक गलोल होती आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबा होता. ६ मेपर्यंत ती बादली दोनदा सापडलेली होती. एका सरकारने लपवणे थांबवले आणि दुसऱ्या दिवशी एका सामान्य माणसाने लपवायला सुरुवात केली! पण दोघांच्या लपवण्यात केवढे अंतर! सरकारने लपवले ते शोधणारा चुकावा म्हणून. अल्मरने लपवले आणि पत्ता दिला.

कल्पना तशी याहूनही जुनी आहे. इंग्लंडात डार्टमूर नावाच्या ओसाड माळावर क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली एक बाटली ठेवली. जो तिथवर चालत जाईल त्याने त्या बाटलीत आपल्या नावाचे कार्ड टाकून यायचे. तिथून तिकडे डबे ठेवण्याची रीतच पडली. तेव्हा उपग्रह नव्हते, पण माणसाची हौस तीच होती. मी इथवर आलो होतो, हे माझ्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसाला कळावे, एवढीच ती हौस.

माझा एक जुना विद्यार्थी या खेळात रमलेला आहे. गेल्या वर्षी सुटीत पुण्याला गेलो असता तो मला एका टेकडीवर घेऊन गेला आणि आपला मोबाईल माझ्या हाती देऊन म्हणाला, “सर, आता तुम्ही शोधा.” यंत्र वाट दाखवत होते. वीस मीटर, दहा मीटर, चार मीटर. आणि मग ते म्हणाले की, पोहोचलात. मी मात्र कुठेच पोहोचलो नव्हतो. समोर दगड, मागे दगड, एक निवडुंग आणि एक वाळका बाभूळ. यंत्राची अचूकता काही पावलांची. त्या काही पावलांच्या वर्तुळात त्याचा काही उपयोग नाही. तिथून पुढे विचार करावा लागतो तो दुसऱ्या माणसाच्या मनाचा. मला डबा लपवायचा असता तर मी कुठे ठेवला असता? पावसाचे पाणी कुठे साचणार नाही? ढोरांचे पाय कुठे पडणार नाहीत? बसल्या बसल्या कुणाचा हात सहज कुठे जाणार नाही, पण मुद्दाम घातला तर पोचेल? असे करत करत मी एका खडकाच्या कपारीत हात घातला आणि डबा हाती आला. त्यातल्या वहीत सातआठ अपरिचित नावे होती. ज्याने हा डबा ठेवला त्याला मी कधी पाहिले नव्हते, पण पाऊण तास मी त्याच्या डोक्याने विचार केला होता. शेजाऱ्याच्या डोक्यानेही आपण वर्षानुवर्षांत इतका विचार करत नाही!

सापडावे म्हणून लपवणे कसले, हे नीट कळायचे तर सापडू नये म्हणून लपवणे शेजारी ठेवून पाहावे. आपल्याकडे त्याचे ठळक उदाहरण म्हणजे गुप्तधन. खानदेशात जिथे जिथे पडकी गढी आहे तिथे तिथे हंड्याची गोष्ट आहे. धन पुरणाऱ्याने ते कुणासाठी पुरलेले नसते. कुणापासून तरी पुरलेले असते. म्हणूनच त्यावर नाग बसवावा लागतो. त्याचा पत्ता नसतो, असते ती केवळ कुजबुज. आणि त्या कुजबुजीमागे लागलेली माणसे भिंती खणतात, समाध्या उकरतात, मांत्रिकाच्या नादी लागून नको ते अघोर करायला प्रवृत्त होतात. अशी कृत्ये थांबावीत म्हणून महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि गुप्तधनाच्या शोधासाठी केलेले अघोरी प्रकार त्यात गुन्हा ठरले. त्याच्याही आधीचा, १८७८ सालचा, निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन कुणाला सापडले तर त्याने ते जिल्हाधिकाऱ्याला कळवलेच पाहिजे, असे तो सांगतो. माझ्या टेकडीवरच्या डब्यात एक शिसपेन्सिल, एक काचेची गोटी आणि एक परदेशी नाणे होते. दहा रुपयांची मर्यादा त्याने ओलांडली नसावी असे वाटते! पण खरा फरक किमतीचा नाही. गुप्तधन एकाला सापडले की संपते. डबा मात्र सापडल्यावर पुन्हा तिथेच राहतो. एकाच्या सापडण्याने दुसऱ्याचे सापडणे हिरावले जात नाही. ज्ञानाचे असे असते, गाण्याचे असे असते. वस्तूंच्या जगात असे क्वचितच घडते.

तिसराही एक प्रकार आहे, आणि तो या दोहोंच्या मधला आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकातले. पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ ठाऊकच नव्हते. त्या लिप्यांचे कोडे उलगडण्यात इतिहासाचार्य राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांचा वाटा आहे. हे लपवणे लोभाचे नव्हते, भयाचे होते. जतन करण्यासाठी होते. किल्ली बाळगणारा कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहील, हा त्यामागचा भरवसा. आणि राजवाड्यांची गोष्ट तर धुळ्याच्या माणसाने सांगितलीच पाहिजे. या एकट्या माणसाने गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे शोधली, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांचे बावीस खंड काढले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांनी देह ठेवला, आणि त्यांच्या संग्रहासाठी उभी राहिलेली संस्था आजही धुळ्यात आहे. कागद वाळवीच्या तोंडी गेले तरी चालतील पण परक्याच्या दृष्टीस पडू नयेत, असे मानणारे त्या वाड्यांतून कितीतरी होते. ते कागद सापडावेत म्हणून कुणी लपवलेले नव्हते. तरीही एकाने शोधले. शोधणाऱ्याच्या हट्टाने लपवणाऱ्याचा कद्रूपणा धुऊन निघाला, असे म्हणायला हरकत नाही.

आता मी मूळ खेळाकडे वळतो, कारण त्यात केवळ शोधून भागत नाही. थोड्याच दिवसांत स्वतः लपवण्याची ऊर्मी येते. दगडाआड डबा ठेवणे कुणालाही जमते. हौशी खेळाडूला त्यात कल्पकता हवी असते. कुणी पोकळ खिळ्यात कागदाची सुरळी ठेवतो, कुणी खोटा दगड करतो, कुणी कोड्यात अक्षांश-रेखांश दडवतो. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापले, ते अद्वैताच्या अभ्यासासाठी. तत्त्वज्ञानाची पदवी माझ्याजवळ नाही, मी मॅट्रिकपुढे गेलेलो नाही. पण आमच्या भागात वेदान्ताचे दोन शब्द कानांवरून जातातच. मायेच्या शक्ती दोन, आवरण आणि विक्षेप. आवरणाने दोरी दिसत नाही. विक्षेपाने तिथे साप दिसतो. दगडाआडचा डबा हे नुसते आवरण झाले. कल्पक डब्यात विक्षेप असतो. तो डोळ्यांसमोरच असतो आणि दुसरेच काहीतरी दिसतो.

माझा पहिला डबा मी गिरणाकाठी एका स्नेह्याच्या मळ्यात ठेवला. केळीची बाग, कडेला विहीर, आणि सगळीकडे ठिबकच्या काळ्या नळ्या. हजार नळ्यांत एक नळी खोटी असावी, अशी कल्पना सुचली. हातभर जाड नळीचा तुकडा घ्यायचा, एक तोंड बंद करायचे, दुसऱ्याला आट्यांचे टोपण बसवायचे, आत वहीची गुंडाळी. मालकाची परवानगी होतीच. पण मळा खऱ्या अर्थाने ज्याच्या हाती असतो तो सालदार. त्याला दाखवल्याशिवाय नळी ठेवणे मला बरे वाटेना. त्याने नळी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “गुरुजी, लपवायचंच आहे तर पत्ता कशाला देता? आणि सापडायचंच आहे तर लपवता कशाला?”

या लेखात मी जे काही म्हणत आहे, ते या दोन वाक्यांपलीकडे फारसे जात नाही. पहिल्याचे उत्तर सोपे होते. पत्ता न देता लपवणे म्हणजे पुरणे. दुसऱ्यासाठी मला चालीसगावजवळच्या पाटणला जावे लागले, म्हणजे मनाने. तिथे पाटणादेवीच्या परिसरात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ स्थापला, त्याची ती नोंद, तेराव्या शतकाच्या आरंभीची. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालची. त्या ग्रंथाची रचना पाहा: आधी रीत सांगितलेली आहे, मग उदाहरण घातले आहे. हंसांच्या थव्याची, भुंग्यांची, कमळाची गणिते. आणि उत्तर मात्र त्या चित्रात लपवलेले. आचार्यांना उत्तर ठाऊक होतेच. ते सरळ लिहून टाकले असते तर शाई कमी लागली असती. पण हातावर ठेवलेले उत्तर हे मिळालेले असते, सापडलेले नसते. सापडण्यात शोधणाऱ्याचा स्वतःचा एक अंश मिसळतो आणि तो अंश दुसरा कुणी त्याला देऊ शकत नाही. मी सालदाराला एवढेच म्हणालो, “तुमच्या नातवाला तुम्ही कोडं घालता, तेव्हा उत्तर आधी सांगता का?” तो हसला. त्याला पटले की नाही कोण जाणे, पण त्याने मला एक गोष्ट सांगितली. निंदणीला बाया येतात तेव्हा त्या सैल नळी उपटून बांधावर टाकतात. ती बागेत नको, विहिरीच्या थारोळ्यापाशी ठेवा. माझ्या कल्पकतेत जी उणीव होती ती त्याने भरून काढली.

कल्पकतेचा मोह मात्र जपून घ्यावा लागतो. प्रश्नपत्रिका काढताना आम्हाला तो दरवर्षी भेटतो. कठीण प्रश्न काढणे काही अवघड नाही. ज्याची रीत कधी सांगितलीच नाही तो प्रश्न घातला की वर्ग गारद होतो आणि मास्तरांची विद्वत्ता सिद्ध होते. पण मग त्या प्रश्नाचा विषय गणित राहत नाही, मास्तर होतो. रानात राईएवढी डबी टाकून तिचा पत्ता दिला तर ती कुणालाच सापडणार नाही. त्याला कल्पकता म्हणता येणार नाही, कारण तिथे शोधणाऱ्याच्या बुद्धीला धरायला काही धागाच ठेवलेला नाही. चांगले लपवलेले ते, जे सापडल्यावर शोधणारा कपाळावर हात मारून म्हणतो, “अरे, हे तर समोरच होते!” त्या क्षणी त्याला राग येत नाही, हसू येते. फसवले गेल्यावर माणूस चिडतो की हसतो, यावरून फसवणूक कोणत्या जातीची होती ते ओळखावे. कादंबरी लिहिणाऱ्यालाही हीच कसोटी लागू आहे. शेवटच्या प्रकरणातला उलगडा वाचून वाचकाने मागची पाने उलटून पाहावीत आणि तिथे खुणा सापडाव्यात. खुणा नसतील तर तो उलगडा नव्हे, दगा आहे.

परंतु खोटी नळी ही शेवटी खोटीच. खोटे बोलणे पाप, तर खोटे दाखवणे पुण्य कसे? इथे मला बहुरूपी आठवतो. तो फौजदाराच्या वेषात दारात येतो, दरडावतो, घरातल्या पोरांची गाळण उडते. आणि शेवटी तोच हात पुढे करून बिदागी मागतो. बिदागी मागणे म्हणजेच सोंग उतरवणे. सोंग आणि लबाडी यांतला फरक इतकाच की, सोंगाला शेवट ठरलेला असतो आणि पाहणाऱ्याला ते सोंग आहे हे ठाऊक असते किंवा लवकरच होणार असते. माझी नळी शोधायला जो येतो, त्याला इथे काहीतरी खोटे आहे हे माहीत असूनच तो येतो. त्याच्याशी मी खोटे बोललो नाही. पण सालदाराचे काय? निंदणीला येणाऱ्या बायांचे काय? त्यांनी या खेळाला होकार दिलेला नाही. मळ्यातून नळ्या, केबली चोरीस जातात, आणि चोरी झाली की पहिला प्रश्न सालदाराला येतो. थारोळ्यापाशी एक अनोळखी नळी, तिच्याभोवती घुटमळणारा अनोळखी माणूस. यांचा जाब त्याला द्यावा लागणार. शोधणाऱ्याच्या बाबतीत जे सोंग, ते त्याच्या बाबतीत लबाडी ठरले असते. कृती एक, नळी एक. पण कुणाला सांगितले आणि कुणाला नाही, यावर तिची नीती पालटते.

माझ्या प्रश्नाला हवे असलेले ‘आणखी काही’ ते हेच. लपवण्यात माणसे दोन नसतात, तीन असतात. लपवणारा, शोधणारा, आणि ज्याला हा खेळ चालला आहे याची वार्ताही नाही तो तिसरा. खेळाचे जुने नियम या तिसऱ्याची आठवण ठेवतात, हे मला आवडले. जागेच्या मालकाची परवानगी घ्या. जमीन खणू नका, डबा पुरू नका. दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर ठेवा. खाण्याची वस्तू आत ठेवू नका. अल्मरची अर्धी पुरलेली बादली आणि तिच्यातला घेवडा, दोन्हीही आज नियमात बसणार नाहीत! पण खेळाडूंच्या बोलीत या तिसऱ्या माणसाला एक नाव आहे. हॅरी पॉटरच्या गोष्टीतून उचललेले: ‘मगल’, म्हणजे ज्याला जादू येत नाही तो. आणि शोधताना मगलांच्या दृष्टीस पडू नये, हे कौशल्य मानले जाते. शब्द थट्टेचा आहे, पण तो माझ्या कानाला खटकतो. ज्याच्या बांधावर आपण उभे आहोत तो अजाण आणि आपण जाणते, ही समजूत त्यात नकळत शिरते.

ही समजूत कुठवर जाते, ते जळगावहून दोन तासांच्या वाटेवर पाहायला मिळते. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि त्याला अजिंठ्याची लेणी ‘सापडली’. भोवतालच्या गावकऱ्यांना ती ठाऊक होतीच. दहाव्या लेण्यातल्या रंगवलेल्या खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरली. आज ती अक्षरे मान वर करून पाहावी लागतात, कारण तेव्हा लेण्यात माती-दगडांचा थर साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. शोधणाऱ्याला नोंद करावीशी वाटते, हे स्वाभाविक आहे. त्या नोंदीसाठी डब्यात वही असते ती एवढ्यासाठीच की, कुणी खांबाला हात लावू नये. पण वहीत नाव लिहितानाही एक गोष्ट मनात असावी: ‘पहिला’ याचा अर्थ लिहिणारा पहिला, एवढाच. ज्यांनी लिहिले नाही ते आपल्या आधीपासून इथेच होते.

आणि आता जे लिहायचे ते दिवाळी अंकात लिहू की नको, असा विचार दोनदा मनात आला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढीजात धंदा. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरलेली होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून मारले. अफवेला खरे की खोटे हे कुणी विचारले नाही. अनोळखी माणूस, एवढा पुरावा पुरला.

या भयंकर घटनेचा माझ्या क्षुल्लक खेळाशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. मला तो दिसतो. पँट-शर्टातला, हातात मोबाईल असलेला, शुद्ध बोलणारा माणूस एखाद्या गावाच्या पारामागे वाकून काही चाचपू लागला तर फार तर कुणी विचारील, “काय धुंडी राह्यनात, गुरुजी?” तो काहीतरी थाप मारील, डबा सापडला की गाडीवर बसून निघून जाईल. मागे गावात काय उरेल? कोण होता, काय ठेवून गेला, पोरांकडे का पाहत होता, याची कुजबुज. ती कुजबुज घेऊन तो गेलेला नाही. ती तो तिथेच ठेवून गेला आहे, त्याच्या कोणत्याही डब्यापेक्षा अधिक पक्की लपवून. आणि ती सापडेल कुणाला? त्याच्यासारख्या दुसऱ्या सुशिक्षिताला नव्हे. चार दिवसांनी झोळी घेऊन त्याच वाटेने येणाऱ्याला. आमच्या गूढतेचा दाम तो मोजणार. लपून शोधण्याची मौज ज्याला परवडते त्याने ती कुणाच्या खर्चाने चालली आहे, याचा हिशेब ठेवायला नको काय?

बेवारस वस्तूचेही तेच. २००६ आणि २००८ साली मालेगावचे बॉम्बस्फोट जवळून ऐकलेल्या या मुलखात बसथांब्याच्या बाकाखाली एखादा बंद डबा चिकटवणे याला कल्पकता म्हणता येणार नाही. तो पाहून कुणा आईचा जीव एक क्षण जरी उडाला, तरी त्या क्षणाचे मोल वहीतल्या शंभर सह्यांनी फिटत नाही. म्हणून मी माझ्या नळीच्या आतल्या कागदावर मराठीत सरळ लिहिले आहे की, हा एक खेळ आहे, यात धोक्याचे काही नाही, मालकाची परवानगी आहे; आपण चुकून उघडले असेल तर आपणही वहीत नाव लिहा. आणि तिथे येणाऱ्यासाठी पत्त्याबरोबर एक अट घातली आहे: आधी मळ्यावर जाऊन राम राम करा, मग शोधा. माझ्या विद्यार्थ्याच्या मते या अटीने खेळाची गंमत कमी होते. मला वाटते, ती थोडी कमी होते आणि तेवढी कमी व्हायला हवी. नळी कुठे आहे ते सालदार कुणाला सांगत नाही. तो नुसता मिशीत हसतो. त्यामुळे शोधणाऱ्याची अडचण उलट वाढलीच आहे. गुपित राहिले ते राहिलेच, भय तेवढे निघून गेले.

गुपित आणि भय या दोन गोष्टी आपण एकच समजतो, तिथेच घोटाळा होतो. लपवल्याने जग गोड होते, यात मला आता शंका राहिलेली नाही. सगळेच उघड्यावर मांडलेले असते तर माणसाचे डोळे जडावले असते. रोजच्या बांधावर, रोजच्या दगडाखाली कुणा अनोळखी माणसाने आपल्यासाठी काही ठेवले असेल, या शक्यतेनेही चालण्यात वेगळी जाग येते. शाळेच्या वाटेवरची पडकी भिंत मी वीस वर्षे पाहत आलो. तिला किती कपारी आहेत ते मला या वर्षी कळले. पण हा गोडवा फुकटचा नाही. लपवणाऱ्याने तीन देणी फेडली पाहिजेत. शोधणाऱ्याला पत्ता आणि धागा दिला पाहिजे. मागून येणाऱ्यासाठी वस्तू जशीच्या तशी ठेवली पाहिजे. आणि ज्याला यातले काहीच ठाऊक नाही त्याला निश्चिंत ठेवले पाहिजे. पहिली दोन देणी सगळेच जाणतात, कारण ती आपल्यासारख्यांचीच असतात. तिसरे देणे अशा माणसाचे असते की, जो ते मागायला कधी येणार नाही. म्हणून ते आपण होऊन त्याच्या दारी नेऊन द्यावे लागते.